रोबोला पिपेटिंग शिकवताना: जालन्याच्या बियाणे लॅबमधला माझा अनुभव

लॅबमध्ये लिक्विड हँडलिंगचा रोबो, म्हणजे पिपेटिंग (थोडा थोडा द्रव मोजून ओढणं आणि सोडणं) करणारं मशीन, घ्यायचा विचार चालू असेल तर एक गोष्ट आधीच सांगतो, मशीन बसवायला फार वेळ लागत नाही, आपलं काम त्याला समजावून सांगण्यात खरा वेळ जातो. मी जालन्यात बियाण्यांच्या एका मॉलिक्युलर लॅबमध्ये आहे, मुख्य काम कपाशीच्या हायब्रीडची शुद्धता तपासायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कपाशीचं हायब्रीड बी अजूनही बरंचसं हातानेच तयार होतं, संध्याकाळी मादी ओळीतल्या कळ्यांचे पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराचा पराग लावायचा, शेतातल्या बायका उन्हातान्हात हे कळीमागून कळी करत जातात, त्यात कुठे चार पुंकेसर राहून जातातच आणि राहिले की त्या बोंडात हायब्रीडऐवजी मादीच्याच परागाचं, म्हणजे सेल्फ बी भरतं. प्रमाणित हायब्रीड कपाशीला जनुकीय शुद्धता कमीत कमी 90 टक्के लागते. ती शेतात लावून बघायची म्हटलं तर ग्रो-आउट टेस्टमध्ये अख्खा हंगाम जातो, म्हणून डीएनए.

आता लॉट येतात सगळे जानेवारी ते मार्चमध्ये, एकदम, आणि मे संपायच्या आत पाकिटं दुकानात पाहिजेत. एका लॉटच्या बिया उगवायच्या, प्रत्येक रोपाच्या पानाचा तुकडा, त्याचा डीएनए, मग 384 वेलच्या (वेल म्हणजे छोटा खळगा) प्लेटमध्ये कास्प (डीएनएच्या प्रती वाढवून मादी-नराच्या डीएनएतला फरक दाखवणारी पीसीआर पद्धत) रिअ‍ॅक्शन, एका वेलमध्ये फक्त 5 मायक्रोलिटर. रिझल्ट म्हणजे स्क्रीनवर ठिपके, एका कोपऱ्यात मादीचे, दुसऱ्या कोपऱ्यात नराचे, मधे हायब्रीडचे. पिपेटिंग डगमगलं की ठिपके गट सोडून मधल्या मोकळ्या जागेत भटकायला लागतात आणि मग हा सेल्फ धरायचा का हायब्रीड यावर वाद. 90 च्या उंबऱ्यावरच्या लॉटमध्ये असे दोन-चार ठिपके म्हणजे कुणाचा तरी अख्खा गोडाऊनचा माल.

आमच्याकडे हे सगळं हाताने करणाऱ्या एक सीनियर ताई आहेत. त्यांच्या प्लेटमध्ये ठिपके कधी भटकत नाहीत. पण सीझनमध्ये त्यांचा अंगठा सुजतो, रात्री शेकत बसतात, आणि एका माणसाच्या अंगठ्यावर लॅब चालवणं बरोबर नाही हे मॅनेजमेंटला पण कळत होतं. म्हणून रोबो.

निवडीबद्दल थोडक्यात. हॅमिल्टन, टेकानसारखी मोठी मशीन मस्त असतात, हॅमिल्टनच्या मोठ्या मशीनमध्ये तर पिपेटच्या आतला हवेचा दाब मोजून टीप (पिपेटचं प्लॅस्टिकचं टोक) तुंबली का ते कळतं, पण ते आमच्या बजेटबाहेर. दुसऱ्या टोकाला ओपनट्रॉन्सने सुरू केलेला ओपन-सोर्स प्रकार, टेबलावर मावणारं मशीन, पायथन कोडमध्ये लिहायचा प्रोटोकॉल. आम्ही असंच एक लहान टेबलटॉप घेतलं, कुठलं ते सांगत नाही, कारण पुढे जे लिहिलंय ते या साइजच्या कुठल्याही मशीनला लागू पडतं.

पहिला आठवडा मजेत गेला. डेकचं (प्लेट-टिपा ठेवायच्या फळीचं) कॅलिब्रेशन, पाणी भरलं, 96 वेल सुंदर भरल्या, सगळ्यांनी मोबाईलवर व्हिडिओ काढले.

मग प्लेट. मायक्रोप्लेटची लांबी-रुंदी जगभर ठरलेली आहे, 127.76 बाय 85.48 मिलिमीटर, 96 मध्ये दोन वेलमधलं अंतर 9 मिलिमीटर आणि 384 मध्ये 4.5, म्हणून आठ चॅनेलचं (एकदम आठ टिपांचं) पिपेट 384 मध्ये एक ओळ सोडून एक भरतं, आधी ए, सी, ई, मग बी, डी, एफ. हे सगळं छान जमतं. पण वेल किती खोल हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, आणि आमची पीसीआर प्लेट मशीनच्या यादीत नव्हतीच. खोली व्हर्नियरने स्वतः मोजून डेफिनिशन लिहावी लागली. ताई टीप वेलच्या भिंतीला टेकवून वर घेतात, तळाला लावत नाहीत, हे इतकी वर्षं आम्ही नुसतं बघत होतो, आता मशीनला सांगायचं तर तळापासून किती मिलिमीटर वर, कुठल्या बाजूच्या भिंतीला, किती स्पीडने बाहेर. मी त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसायचो आणि विचारत राहायचो. त्या म्हणाल्या, "अहो सर, असं विचारलं की माझाच हात अडखळतो."

खरी गंमत मास्टर मिक्सपासून (एन्झाइम वगैरेचं तयार मिश्रण) सुरू झाली. पाण्याने दिलेले आकडे मिक्सला चालेनात. कारण साधं आहे. 1957 मध्ये जर्मनीत मारबुर्गला हाइनरिख श्निट्गरने पिस्टनचं मायक्रोपिपेट बनवलं, तेच तत्त्व आजही आमच्या रोबोच्या आत आहे, पिस्टन हवा ओढतो आणि हवा द्रवाला ओढते. मधे हवेची उशी. पाणी त्या हवेबरोबर लगेच येतं. मिक्समध्ये एन्झाइमबरोबर ग्लिसरॉल येतं, ते काकवीसारखं रेंगाळत येतं, पिस्टन थांबला तरी द्रव अजून चढतोच आहे आणि तेवढ्यात मशीन टीप वर उचलतं, मग खालून हवा शिरते. सोडताना उलटं, टीपच्या आत थर चिकटून राहतो. आणि तो थर काढायला जोरात ब्लो-आउट केलं (शेवटची हवा फुंकून टीप रिकामी केली) तर मिक्समधल्या डिटर्जंटचा फेस, 5 मायक्रोलिटरच्या वेलमध्ये एक बुडबुडा म्हणजे रीडिंग गेलं.

यावर उपाय निघाला तो ताईंच्याच हातात होता. त्या पिपेटचं बटण दुसऱ्या स्टॉपपर्यंत दाबून जास्त घेतात, पहिल्या स्टॉपपर्यंतच सोडतात आणि उरलेलं टीपमध्येच ठेवतात, म्हणजे रिव्हर्स पिपेटिंग. ब्लो-आउटच नाही, त्यामुळे फेस नाही. तेच कोडमध्ये लिहिलं, ओढायचा स्पीड सेकंदाला 2 मायक्रोलिटरवर आणला, ओढल्यावर दोन सेकंद थांबा, टीप द्रवात फक्त दीड-दोन मिलिमीटर बुडवा म्हणजे बाहेरून माखत नाही, वर येताना हळू.

हे बरोबर झालं का ते कळायला हवं ना. डोळ्याने 2 आणि 2.5 मायक्रोलिटरमधला फरक दिसत नाही. वजनकाट्यावर प्लेट ठेवून आधी आणि नंतर वजन केलं की सरासरी कळते, 96 वेलमध्ये 5-5 मायक्रोलिटर पाणी म्हणजे साधारण 480 मिलिग्रॅम, पण कुठल्या वेलमध्ये किती ते नाही कळत. त्यासाठी रंग. टारट्राझिन म्हणजे तोच जिलबी-बुंदीत पडणारा पिवळा रंग, 427 नॅनोमीटरच्या आसपास शोषतो, आमच्या एलायझा रीडरला (प्लेटमधल्या रंगाची दाटी मोजणाऱ्या यंत्राला) 405 आणि 450 चे फिल्टर आहेत, 450 वर काम भागतं. मिक्सच्या दाटपणाचं ग्लिसरॉल-पाणी, त्यात थेंबभर ट्वीन-20 डिटर्जंट, त्यात रंग, 96 प्लेटमध्ये टाकायचं, वरून 200 मायक्रोलिटर पाणी, हलवून रीड करायचं.

ती प्लेट वाचायची कशी हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून इथे लिहितोय. आठ चॅनेलच्या पिपेटमध्ये एक चॅनेल म्हणजे प्लेटची एक आडवी ओळ. आमची G, म्हणजे सातवी ओळ पहिल्या कॉलमपासून बाराव्यापर्यंत सगळीकडे फिकी यायची, बाकी सात ठीक. म्हणजे दोष द्रवात नाही, सातव्या नोझलवर टीप नीट बसत नाहीये, हवा गळतेय. टिपा स्वस्तातल्या दुसऱ्या कंपनीच्या होत्या, मशीनबरोबरच्या टिपा लावल्या आणि ओळ सरळ झाली. उलट डावीकडून उजवीकडे रंग हळूहळू बदलत गेला तर चॅनेलला बोल लावू नका, टबमधली पातळी खाली जातेय नाहीतर द्रव वाफ होऊन उडतोय. सुरुवातीला सीव्ही (वेल-वेलमधला फरक, टक्क्यांत) दोन आकडी होता, शेवटी 5 च्या आत आला. तुलनेसाठी, हाताच्या पिपेटला आयएसओ 8655 मध्ये 20 मायक्रोलिटरच्या मॉडेलला 0.20 मायक्रोलिटरची चूक चालते, तेच पिपेट 2 वर लावलं तर ते 0.20 म्हणजे सरळ 10 टक्के. त्यामुळे लहान आकड्यांवर फार फुशारकी कुणीच मारू नये. रोबोंसाठी वेगळं स्टँडर्ड आलंय आता, आयएसओ 23783, 2022 चं.

आणि हे सगळं मार्च-एप्रिलच्या जालन्यात. वजन करून पिपेट तपासायला हवेत दमटपणा साधारण 50 टक्क्यांच्या वर धरतात, आमच्याकडे एसी लावला की खोली पापडासारखी कोरडी. काट्याच्या झाकणाच्या आत पाण्याच्या छोट्या वाट्या ठेवायला लागल्या. कोरड्या हवेत प्लॅस्टिकवर स्टॅटिक पण येतं, थेंब वेलमध्ये पडायच्या ऐवजी टीपच्या बाहेर चिकटून वर परत येतो, मी टॉर्च मारून बघितलंय, टोकापासून जरा वर बाजूला चिकटलेला, चमकतो. भिंतीला टीप टेकवणं इथेही कामाला आलं. उडण्याचा प्रश्न मात्र आम्ही सोडवलाच नाही, टाळला. कास्पमध्ये डीएनए प्लेटमध्ये वाळवून ठेवला तरी चालतो, मग आधी 2.5 डीएनए टाकायचा, वाळवायचा, आणि नंतर 5 मिक्स. डीएनए टाकताना पाणी उडालं तर उडू दे, नाहीतरी वाळवायचंच आहे.

कपाशीच्या डीएनएचा त्रास मात्र वेगळाच. पॉलिफिनॉल, पॉलिसॅकराइड, सीटॅबने (डीएनए काढायच्या रसायनाने) कितीही काढा, काही सँपल शेंबडासारखी बुळबुळीत निघतात. ताईंना ते अंगठ्याला जाणवतं, त्या थांबतात, टीप बदलतात. आमच्या मशीनला दाबाचा सेन्सर नाही, ते हवा ओढतं, हवाच सोडतं आणि स्क्रीनवर सगळं हिरवं. आता प्लेट लावायच्या आधी सेंट्रिफ्यूज करतो आणि तळापासून 2 मिलिमीटर वरून ओढतो, त्यातूनही एखादी वेल कोरी राहते, ती कास्पमध्ये ठिपका न आल्याने कळते. सीटॅब आणि क्लोरोफॉर्मचा टप्पा फ्यूम हूडमध्ये हातानेच आहे, तो रोबोवर न्यायचा विचारही नाही.

लाईटचं पण सांगतो. मराठवाडा आहे, जाणारच. ऑनलाइन यूपीएस मशीनला आणि लॅपटॉपला दोघांना, आणि प्रत्येक कॉलम झाला की फाइलमध्ये नोंद पडेल असं कोड लिहिलं, म्हणजे मधे बंद पडलं तर कुठून सुरू करायचं यावर चर्चा नको.

एवढं करून वेळ वाचला का? सरळ मिक्स वाटण्यात नाही, खरं सांगतो, ताई आठ चॅनेलच्या पिपेटने आजही मशीनपेक्षा फास्ट आहेत. फरक पडला तो नॉर्मलायझेशनमध्ये. 96 सँपल, प्रत्येकाचा डीएनए वेगळा, सगळे मायक्रोलिटरला 10 नॅनोग्रॅमवर आणायचे, म्हणजे प्रत्येक वेलला पाण्याचा आकडा वेगळा, 37.4, 12.8, 61... हाताने करताना दर वेळी पिपेटचं चाक फिरवायचं आणि यादीत बोट ठेवून कुठली वेल ते शोधायचं, माणूस अर्ध्यात वेडा होतो. मशीन सीएसव्ही (आकड्यांच्या यादीची फाइल) वाचतं आणि करतं, अजिबात कंटाळत नाही. ते लावून ताई आता जेवायला जातात. दुसरा फायदा, कुठल्या वेलमध्ये काय टाकलं त्याची फाइल राहते, लॉटवर कंपनीचा आक्षेप आला की ती काढून समोर ठेवायची.

टिपांचा खर्च धरायला विसरू नका. एका नॉर्मलायझेशनला एक अख्खा डबा, 384 प्लेटला डीएनएसाठी चार डबे, दर वेळी नवीन.

आणि डेमोला येणारा माणूस पाण्यानेच 96 वेल भरून दाखवतो, ते बघून काही ठरवू नका. आपल्या फ्रीजमधलं मिक्स, आपलीच प्लेट आणि आपलं सगळ्यात घाण सँपल त्याच्यापुढे ठेवा, रंगाची टेस्ट त्यालाच करायला लावा. दुसऱ्या कंपनीच्या टिपा चालतात का आणि वॉरंटीवर त्याचा काय परिणाम होतो हे मेलवर लिहून घ्या, तोंडी नको.