अण्णांची रात्रपाळी, अरबी समुद्रावर

लक्षद्वीपचे निळे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. काचेच्या तळाची बोट, पांढरी वाळू, रोज दोन्ही वेळा टूना. आमचंही ते सगळं झालं, छान झालं. परमिटच्या कागदपत्रांनी जीव खाल्ला, तेही झालं. मला लिहायचंय ते फक्त परतीच्या रात्रीबद्दल.

आम्ही पडलो सोलापूरकर. पाण्याशी आमचा संबंध म्हणजे हिप्परग्याचा तलाव आणि चार-पाच दिवसांनी येणारा नळ. त्यात कवरत्ती बेटावर मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही; प्रवाळाच्या कड्याबाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि धक्क्यावरून छोट्या बोटीने तिथवर जायचं. जहाजाच्या अंगाला पाण्यालगत एक दार उघडतात. लाटेने बोट वर उचलली की त्याच क्षणी पाय टाकायचा, खाली गेली की थांबायचं. खलाशी दंड धरून आत ओढतात. लेक खिदळत गेली. ह्यांनी डोळे मिटून घेतले. अण्णा, माझे सासरे, सत्तरी ओलांडलेले; धोतर वर खोचलं, दोन लाटा जाऊ दिल्या आणि तिसरीला चढले. आमच्या मागून एक बाई तान्हं बाळ खांद्यावर टाकून, मागे कुणाशी तरी बोलत बोलतच चढली. तिच्यासाठी हा रोजचा रस्ता. जहाजात अर्ध्याहून जास्त बेटावरचेच लोक होते: कोचीच्या दवाखान्याला निघालेले, कॉलेजला परतणारी पोरं. आपण मात्र डेकवर ‘समुद्रसफर’ म्हणून अंताक्षरी लावायची. आमच्या ग्रुपने अकरापर्यंत लावली. शेजारी एक आजारी म्हातारी चटईवर पडली होती आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं.

कोची तिथून साधारण ४०० किलोमीटर, म्हणजे आपलं सोलापूर-मुंबई. पण मध्ये ना कुर्डुवाडी ना दौंड, नुसतं काळं पाणी. केबिनमधला एसी इतका गार की दोन चादरी (अर्थातच सोलापुरी) पुरेनात, आणि तो बंद कसा करायचा हे कुणालाच सांगता येईना. जहाज डुलायला लागलं तसे हे हिरवे-पिवळे झाले. गोळी घ्यायची नाही हे त्यांचं तत्त्व. तत्त्व मध्यरात्रीपर्यंत टिकलं.

एकच्या सुमाराला पाहिलं तर अण्णांचा बर्थ रिकामा.

काळजात चर्र झालं. डेकवर धावले. वारा असला की पदर धरवेना, कठड्यापलीकडे काही दिसेना. नको ते विचार आले. एका खलाशाला हातवारे करून ‘धोतर’ समजावलं, तर त्याने हसून बोट खाली दाखवलं. जिने उतरत गेले. खाली बंकच्या मोठ्या दालनात ओळीने माणसं झोपलेली, डिझेलचा वास, आणि पायाखालची पोलादी जमीन सगळी थरथरत होती. जिन्याशेजारी भिंतीला पाठ टेकून अण्णा बसले होते. पुढ्यात आमची कडक भाकरी, शेंगाचटणीची पुडी, आणि समोर त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ. दोघे कानडीत बोलत होते!

मी काही बोलायच्या आतच अण्णा म्हणाले, “बस गं. ऐक जरा. साचाखातं चालू हाय बघ.”

अण्णांनी सोलापुरात गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले, बरीचशी वर्षं रात्रपाळीला. १८७७ च्या जुन्या मिलपासून ज्या गिरण्यांवर हे शहर वाढलं, त्या एकेक करून बंद पडल्या, त्यांचीही पडली. तेव्हापासून घर गप्प झालं की त्यांना झोप येत नाही. उन्हाळा असो की थंडी, पंखा फुल्लवर. त्यावरून सासूबाई जन्मभर भांडल्या, नंतर मी भांडले. इथे इंजिनाच्या भिंतीला पाठ लावून तो माणूस इतका खूश, की मी रागवायचंच विसरले.

ते गृहस्थ अमिनी बेटाचे. अमिनी आणि त्याच्या आसपासची अमिनदीवी बेटं १९५६ पर्यंत मंगळूरच्या दक्षिण कॅनरा जिल्ह्यात होती, त्यामुळे जुन्या लोकांचा सगळा व्यवहार मंगळूरशी. पोरवयात ते वडिलांबरोबर ओडममधून, म्हणजे शिडाच्या गलबतातून, काथ्या आणि खोबरं घेऊन मंगळूरला जायचे आणि तांदूळ घेऊन परतायचे. वारा पडला की समुद्राच्या मधोमध थांबून राहायचं. इंजिन नाही, आवाज नाही. “तेव्हा झोप भारी लागायची,” असं ते म्हणाल्याचं अण्णांनी मला मराठीत सांगितलं आणि वर स्वतःचं मत जोडलं, “खुळं हाय.” त्यांची कानडी मंगळूरची, आमची सोलापूरची, निम्मं एकमेकांना कळत नसावं. पण वाद रंगला होता. शेंगाचटणी त्यांना तिखट लागली नाही, याचं मात्र मला अजून नवल वाटतं.

मी चादर आणून दिली. अण्णा तिथेच जमिनीवर आडवे झाले आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. मी जिन्यात बसून राहिले. डोकं दुखत होतं, डिझेलने मळमळत होतं, आणि वरच्या केबिनचे मोजलेले पैसे डोळ्यांसमोर येत होते.

सकाळी छोट्या होडीतून पायलट, म्हणजे जहाजाला बंदराची वाट दाखवणारा माणूस, आला, दोराच्या शिडीने चढला आणि जहाज खाडीत शिरलं. फोर्ट कोचीची चिनी जाळी दिसली म्हणून सगळे फोटोला धावले. अण्णा खालीच होते, दाढी करत.

पुढे एर्नाकुलमहून कन्याकुमारी-पुणे गाडी. सोलापूरपर्यंत एक रात्र आणि वर बराचसा दिवस. ह्यांना जमीन लागली, ते मेल्यासारखे झोपले. अण्णा रात्रभर कुशी बदलत होते. शेवटी उठून मला म्हणाले, “इंजिन लई पुढं हाय गं. आपला डबा बदलून मिळतोय का, टीसीला विचार की.”