मधमाश्या नव्हे, भुंगेरे

सासवडजवळच्या एका सीताफळ बागेतून बोलावणं आलं: फुलं भरपूर, पण फळ धरत नाही. जूनचा पहिला पाऊस पडून गेला होता. बागवाल्या काकूंनी मोबाइलवर गेल्या हंगामातली फळं दाखवली, एका अंगाने फुगलेली, दुसऱ्या अंगाने बसलेली.

"ताई, मधमाश्याच राहिल्या नाहीत. पेट्या आणू का?"

सीताफळाचा प्रत्येक डोळा हा फुलातल्या वेगळ्या स्त्रीकेसरापासून तयार होतो. ज्याला पराग मिळत नाही तो भरत नाही, आणि फळ त्या बाजूने खुजं राहतं. निदान बरोबर होतं, उपाय मात्र चुकत होता.

मी खाली लोंबणारं, जेमतेम फट पडलेलं एक फूल तोडून त्यांच्या नाकाशी धरलं. जास्त पिकलेल्या फळाचा, किंचित आंबूस वास. तीन जाड पाकळ्या अलगद फाकवल्या आणि आतून मोहरीएवढे दोन तपकिरी भुंगेरे तुरुतुरु बाहेर आले. काकू भिंग घेऊन कितीतरी वेळ बघत राहिल्या. मलाही दर वेळी तितकाच आनंद होतो. फूल आधी मादी असतं, तेव्हा फट एवढीच असते, मधमाशीला आत शिरता येत नाही. पराग नंतर सुटतो, तोवर स्त्रीकेसर सुकलेले असतात. वासाला भुलून आत बसलेला भुंगेरा पराग अंगावर घेऊन निघतो आणि दुसऱ्या कोवळ्या फटीत शिरतो. सीताफळ, सोनचाफा, जायफळ ही एकाच प्राचीन गणातली मंडळी. भुंगेरे तर पृथ्वीवर फुलांच्याही आधी आलेले. इतका जुना व्यवहार आपल्या बांधावर चालू आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

हे भुंगेरे सडक्या फळांवर वाढतात. काकूंची बाग अगदी झाडून-पुसून स्वच्छ, शिवाय फुलोऱ्यातच कीटकनाशकाची फवारणी झालेली. माझ्या मते भुंगेरे घटण्याची कारणं हीच.

"मग कुजकी फळं टाकायची? फळमाशी येईल की!"

भीती रास्त होती. म्हणून ठरलं ते असं: फुलोरा असेपर्यंतच ओळींच्या मधे सडकी केळी, आंबे ठेवायचे, फळं धरू लागली की खड्ड्यात खोल पुरायचे. तोवर फवारणी बंद. आणि चार झाडांवर हाताने परागीकरण. पूर्ण उमललेल्या फुलांचे पराग कागदावर झाडून घेतले, काकूंच्या सुनेने बारीक ब्रशने ते अर्धवट उघडलेल्या फुलांत फिरवले आणि प्रत्येक फुलाच्या देठाला लाल दोरा बांधला.