आमची वाटचाल: गर्भवतीच्या ताटातील चमचाभर चटणी

२०१४ च्या दिवाळीनंतर माझी धाकटी जाऊ आणि मी, अशा दोघींनी नाशिकला पंचवटीतील घराच्या मागच्या पडवीत दोन लोखंडी कढया आणि एक मिक्सर एवढ्या भांडवलावर चटण्यांचा व्यवसाय सुरू केला. कारळे पेठ-सुरगाण्याकडून येत, तिकडे त्यांना खुरासणी म्हणतात. तीळ खानदेशातून आणि जवस विदर्भातून येत असे. गर्भवतींसाठी काही वेगळे करावे, असे तेव्हा आमच्या मनातही नव्हते. पण डोहाळजेवणाच्या ताटासाठी चटण्यांची मागणी येऊ लागली आणि त्यामागोमाग प्रश्नही येऊ लागले: सुनेला दिवस गेले आहेत, तिला जवस चालेल का, तीळ उष्ण पडतील का?

पहिली चूक जवसाच्या पुडीची झाली. जवसाची साल कडक असते, अख्खा दाणा नीट चावला गेला नाही तर तसाच बाहेर पडतो, म्हणून तो कुटूनच खावा हे आम्हांला ठाऊक होते. मात्र दळलेल्या जवसातील तेल हवा लागताच खवट होऊ लागते, याचा विचार न करता आम्ही ऐन आषाढात एकदम चाळीस किलो पूड करून ठेवली. महिन्याभराने डबा उघडला तेव्हा जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला. माल टाकून द्यावा लागला. तेव्हापासून आठवड्यातून दोनदाच, लागेल तेवढेच दळतो आणि शंभर ग्रॅमपेक्षा मोठी पुडी करत नाही.

दुसरी चूक मात्र आजही मनाला लागून आहे. सातव्या महिन्यातील एक सून सासूबाईंबरोबर आली आणि अळिवात लोह भरपूर असते असे ऐकून तिने अळिवाचे लाडू मागितले. आम्ही कौतुकाने डबा भरून दिला. चार दिवसांनी सासूबाईंचा दूरध्वनी आला, की डॉक्टरीणबाईंनी लाडू लगेच बंद करायला सांगितले. सुदैवाने त्या मुलीला काही त्रास झाला नाही. अळीव बाळंतिणीचे, पोटुशीचे नव्हे, हे माझी आजी सांगत असे. गर्भाशय आकुंचन पावण्याची भीती असल्याने अनेक डॉक्टरही गरोदरपणात ते टाळायला सांगतात. घरचीच शिकवण आम्ही विक्रीच्या नादात विसरलो होतो. आता अळिवाचे लाडू मागणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी विचारतो, बाळंतपण झाले आहे का?

त्यानंतर आम्ही दोघींनी आहारतज्ज्ञ बाईंकडे बसून एकेका बीचा हिशोब समजून घेतला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार गर्भवतीला रोज २७ मिलिग्रॅम लोह आणि १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. सालासकट भाजलेल्या तिळाच्या मोठ्या चमच्यातून, म्हणजे सुमारे दहा ग्रॅममधून, शंभर मिलिग्रॅमहून थोडे अधिक कॅल्शियम आणि दीड मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळते. त्यातही सालीतील ऑक्झलेट हा घटक कॅल्शियम बांधून ठेवतो, त्यामुळे ते सगळेच्या सगळे अंगी लागत नाही. पॉलिशच्या पांढऱ्याशुभ्र तिळात तर ते बरेच कमी असते, म्हणून दिसायला मळकट असले तरी आम्ही सालाचेच तीळ घेतो. सरकारी दवाखान्यातून चौथ्या महिन्यापासून १८० दिवस जी गोळी देतात, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. त्या गोळीची जागा कोणतीही चटणी घेऊ शकत नाही, हे आम्ही दुकानात स्पष्ट सांगतो. चटणी भाकरीबरोबर खावी, वर लिंबू पिळावे म्हणजे लोह चांगले शोषले जाते, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये, एवढेच आमचे सांगणे असते.

जवसाच्या तेलातील निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ प्रकारच्या स्निग्धाम्लाचा असतो, पण बाळाच्या मेंदूला लागणारे डीएचए हे दुसरे ओमेगा-३ स्निग्धाम्ल शरीर त्यापासून फारच थोडे बनवते. शिवाय जवसात स्त्रीसंप्रेरकासारखे काम करणारे घटक असतात. म्हणून चटणीपुरते जवस ठीक, रोज चमचे भरभरून पूड खायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच, असे आम्ही पुडीवर छापतो.

२०१९ मध्ये एका वितरकाने मोठी मागणी नोंदवायची तयारी दाखवली. अट एकच, पुडीवर ‘गर्भवतींसाठी लोहवर्धक’ असे छापायचे. त्या वर्षी दुकानाचे भाडे दोन महिने थकलेले होते, तरीही आम्ही नकार दिला. पुडीत लोह होते, पण त्या शब्दांनी एखाद्या मुलीची गोळी सुटली असती तर तिच्या घरच्यांना आम्ही काय उत्तर देणार होतो?

आज पेठ तालुक्यातील एका बचतगटाच्या बायका आम्हांला खुरासणी पाखडून, खडे वेचून देतात. पावसाळ्यात आलेले पोते आम्ही आधी उघडून तळाशी हात घालतो; दाणे हाताला ओलसर लागले किंवा कुबट वास आला, तर ते भट्टीपर्यंत जात नाही.