तान्ह्या पोळ्यापर्यंतचे सहा महिने

मार्चमधली गोष्ट. माझ्या लेकीनं खालच्या मजल्यावरच्या मुलाच्या दंडाला कडकडून चावा घेतला. दातांचे वळ स्पष्ट उठले. लेक तेव्हा वीस महिन्यांची, तो दोन महिन्यांनी मोठा. त्याची आई मला काही बोलली नाही. तिनं दंडाला हळद लावली, त्याला कडेवर घेतलं आणि दार लोटून घेतलं. ते दार लोटणं मला फार लागलं.

आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. नवरा सकाळीच बुटीबोरीला निघतो, माझं काम घरून आणि लेकीला दिवसभर सासूबाई सांभाळतात. घरात ती हसरी, खेळकर, पण दुसरं मूल हाताच्या अंतरावर आलं की एकतर माझ्या कुर्त्यात तोंड लपवायची, नाहीतर त्याचे केस धरायची. चाव्यानंतर मी तिला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असतो तो एम-चॅटचा, म्हणजे स्वमग्नतेची (ऑटिझमची) शक्यता पडताळणारा, २० प्रश्नांचा कागद भरून घेतला. हाक मारली की वळते का, हवी ती वस्तू बोटानं दाखवते का, तुम्ही जिकडे बघता तिकडे बघते का, खोटा खोटा चहा पिते का, असे ते प्रश्न. शिवाय तिचे कान तपासले. सगळं ठीक निघालं. ज्यांचं बाळ या वयात बोट दाखवत नाही किंवा हाकेला वळत नाही, त्यांना मी कळकळीनं सांगेन की आधी दाखवून घ्या, बाकीचे उपाय नंतर.

मग डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभरात ती किती मुलं बघते?" मी विचार केला आणि मला एकही आठवेना. जेवताना मात्र रोज अर्धा तास मोबाईल. दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, असं त्यांनी स्पष्ट बजावलं, फक्त आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलवर बोलणं चालेल म्हणाले.

उत्साहाच्या भरात मी तिला रविवारी संध्याकाळी धरमपेठच्या ट्रॅफिक पार्कमध्ये घेऊन गेले. पाऊण तास ती माझ्या खांद्याला चिकटून होती, खाली पाय टेकवायला तयार नाही. नवी जागा, नवी मुलं आणि गोंगाट, तिन्ही गोष्टी मी तिच्यावर एकदम टाकल्या होत्या.

वाट दाखवली ती आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीच्या ताईंनी. तीन वर्षांखालच्या मुलांचं तिथं रोजचं बसणं नसतं, वजन-उंची आणि आहारापुरतं जाणं होतं. वजन करता करता ताई म्हणाल्या, "इतक्या लेकरांत कशाले नेता? एकच लेकरू तुमच्या अंगणात बोलवा. रोज तेच." घरी येताना तो अंगण शब्द डोक्यात घोळत राहिला. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला हेच केलं होतं, मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात नेली होती.

धीर करून मी खालच्या मजल्यावरचं तेच दार वाजवलं. माफी मागितली आणि विचारलं, रोज सकाळी अर्धा तास दोघांना पार्किंगमध्ये बसवू या का? ती लगेच हो म्हणाली. एप्रिलमध्ये नऊनंतर बाहेर बसायची सोय नसते, म्हणून साडेसहाची वेळ ठरली. एका टबात पाणी, स्टीलचे दोन पेले, दोन चाळण्या. सगळं जोडीनं, कारण एकच वस्तू ठेवली की भांडण ठरलेलं.

पहिला आठवडा दोघं एकमेकांकडे पाठ करून बसली. मला वाटलं, काही जमत नाही. नंतर वाचताना कळलं की या वयात शेजारी बसून आपापलं खेळणं, समांतर खेळ, हाच खेळ असतो. अमेरिकी संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, त्यात तो आहे. मग मी "जा, त्याच्याशी खेळ" असं ढकलणं सोडलं. एक दिवस त्यानं पेल्यातलं पाणी चाळणीत ओतलं आणि खाली पडणाऱ्या धारा बघत राहिला. लेकीचा हात थांबला. बराच वेळ तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग आपला पेला आपल्याच चाळणीत ओतला आणि मान वळवून पुन्हा त्याच्याकडे बघितलं. तो हसला, तशी ही पण हसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

सगळ्यात अवघड होतं ते आम्हा मोठ्यांना आवरणं. "दे गं, शहाणी ना तू" म्हणत हातातलं काढून घेतलं की ती पुढच्या वेळी आणखी घट्ट धरते, हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. त्याऐवजी आम्ही जे दिसतंय ते बोलायचो, "त्याला चाळणी हवी आहे. तुझं झालं की त्याची पाळी." सासूबाईंना आधी हे पटेना. नंतर त्यांनीच युक्ती काढली, मोठ्यानं दहा अंक म्हणायचे आणि दहाला वस्तू पुढे द्यायची. अंकांच्या नादात मुलं थांबायला शिकली.

चावणं मात्र लगेच थांबलं नाही. "एकदा तूच तिला चावून दाखव," असंही कुणी सुचवलं. ते मी कधीच केलं नसतं. भूक, झोप किंवा दाढेची कळ असली की ती चावायची, कारण तिच्याकडे शब्दच नव्हते. म्हणून तिला तळहात पुढे करून "नको" म्हणायला शिकवलं. आणि चावलीच तर आधी त्या मुलाला जवळ घ्यायचं, मग तिला एवढंच सांगायचं, "चावायचं नाही. त्याला दुखतं." जुलैत तापानं ती बारा दिवस घरात होती. बाहेर आल्यावर पहिल्याच दिवशी पुन्हा चावली. आम्ही परत टब आणि दोन पेल्यांपासून सुरुवात केली.

मग पोळा आला आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. राजे रघुजी भोसले दुसरे यांनी १८०६ साली लेकरांसाठी सुरू केलेला हा सण, लाकडी बैल घेऊन घरोघर जायचं आणि बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, घ्यायचा. आम्ही दोघांना चाकाचे सारखेच बैल घेतले, पण त्याच्या बैलाच्या शिंगाला लाल गोंडा होता. लेकीला तोच हवा. ती रडली, पाय आपटले, त्याच्या दोरीला हात घातला. मी तिच्याजवळ जाऊन बसले. मग तिनं हात काढला, तळहात पुढे धरला आणि रडतच म्हणाली, "एक, दोन, दहा."

त्यानं दोरी सोडली नाही. सासूबाई म्हणाल्या, "येईन तुयी पाळी, थांब बाप्पा." ती हात तसाच धरून उभी राहिली. तेवढ्यात समोरच्या काकूंनी दोघांच्या हातात दहा-दहा रुपये ठेवले आणि दोन्ही बैल पुढच्या दाराकडे निघाले.