तुम्ही विचारलंत म्हणून : वारशाने न जाणाऱ्या योगायोगाचे उत्क्रांतीत काय काम?

जनुकांच्या यादृच्छिक वागण्याविषयी मी कुठेही बोललो की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. एखाद्या पेशीत एखादे प्रथिन निव्वळ योगायोगाने जास्त तयार झाले, तरी डीएनएमध्ये त्याने काहीच बदलत नाही आणि काही पिढ्यांत तो फरक विरून जातो. मग जे वारशाने टिकतच नाही, त्याचा उत्क्रांतीशी संबंध काय? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहितो.

हा योगायोग येतो कुठून, ते आधी पाहू. पेशीत बहुतेक जनुकांच्या एक किंवा दोनच प्रती असतात, आणि त्या चालू-बंद करणारी प्रथिनेही कित्येकदा मोजकीच असतात, ई. कोलाय या जिवाणूत दुग्धशर्करेची जनुके दाबून ठेवणारे प्रथिन जेमतेम दहाच्या आसपास रेणूंइतके असते. हे रेणू पेशीत इकडेतिकडे आदळत फिरतात. त्यांतला एखादा डीएनएवरून क्षणभर सुटला, की तेवढ्यात एक संदेशवाहक आरएनए तयार होतो आणि त्यावरून प्रथिनांची एक लाट उसळते. शेजारच्या पेशीत तो क्षण अजून आलेलाच नसतो. साधे गणित असे, की स्वतंत्र घटनांतून सरासरी दहा हजार रेणू तयार होत असतील तर त्यांत सुमारे शंभरांची, म्हणजे एक टक्क्याची चढउतार होते. पण सरासरी दहाच असतील तर ती तीस टक्क्यांच्या घरात जाते. संख्या लहान, म्हणून योगायोग मोठा.

हे नुसते कागदावरचे गणित नव्हे, हे मायकेल एलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी २००२ साली अतिशय सुटसुटीत प्रयोगाने दाखवले. त्यांनी एकाच जिवाणूत दोन वेगळ्या रंगांनी चमकणारी प्रथिने एकाच प्रकारच्या प्रमोटरच्या, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या डीएनए-खंडाच्या, ताब्यात दिली. फरक केवळ पेशीच्या एकूण स्थितीमुळे पडत असता, तर दोन्ही रंग बरोबरच वाढले आणि बरोबरच उतरले असते. प्रत्यक्षात काही पेशींत एक रंग वरचढ दिसला, काहींत दुसरा.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. जोसेफ बिगर यांनी १९४४ साली नोंदवले होते, की पेनिसिलिनच्या माऱ्यातून दहा लाखांत साधारण एखादा जिवाणू वाचतो, पण त्याची संतती पुन्हा पेनिसिलिनला पूर्वीइतकीच बळी पडते. म्हणजे तो प्रतिरोधक नव्हता. इतर वाढत असताना तो सुस्त होता, आणि पेनिसिलिन मारते ते वाढणाऱ्यांना. नताली बालाबान यांनी २००४ मध्ये एकेका पेशीवर नजर ठेवून दाखवले, की अशा सुस्त पेशी औषध येण्यापूर्वीच तिथे असतात. पुढे २०१० मध्ये त्यांच्याच गटाने त्यामागची एक यंत्रणा उलगडली : हिप-ए नावाच्या प्रथिनाचे प्रमाण ठरावीक उंबरठ्यापलीकडे गेले की वाढ थांबते, आणि ते प्रमाण पेशीगणिक योगायोगाने बदलते. खरी मेख इथे आहे. हिप-ए या जनुकातील एका उत्परिवर्तनाने सुस्त पेशींचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते, आणि हे वाढलेले प्रमाण पिढ्यानपिढ्या टिकते. एखाद्या पेशीला पडलेले दान वारशाने जात नाही, पण फासा जातो. नैसर्गिक निवडीला धरण्यासाठी तेवढे पुरेसे आहे.

या विधानाची थेट पारख बॅसिलस सबटिलिस या जिवाणूवर झाली, आणि मला स्वतःला हाच पुरावा सर्वांत पटतो. उपासमारीची चाहूल लागली की त्याच्या दहा-वीस टक्के पेशी वाढ थांबवून बाहेरचा डीएनए आत घेऊ लागतात. त्याचा कळीचा घटक कॉम-के हे प्रथिन, जे पुरेसे साठले की स्वतःचेच उत्पादन भडकवते. हेदिया मामार, अर्जुन राज आणि डेव्हिड डुबनाव यांनी २००७ मध्ये या जनुकाचे आरएनए जास्त संख्येने, पण प्रत्येकावरून प्रथिन कमी, अशी रचना केली. सरासरी तीच राहिली, चढउतार तेवढी घटली, आणि डीएनए घेणाऱ्या पेशी कमी झाल्या.

म्हणजे सरासरी न बदलता चढउतार बदलता येते. मात्र प्रत्येक चढउतारीमागे काही डावपेच शोधण्याची हौस मला धोक्याची वाटते. बरीचशी चढउतार ही रेणू थोडे असण्याची अपरिहार्य किंमत आहे, आणि यीस्टमधील मोजमापे पाहिली तर जगण्यास अत्यावश्यक असलेल्या जनुकांत ती सरासरीने कमी आढळते. तिथे निवडीने फासा बोथट केला असावा असे मानायला जागा आहे.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : हे एकपेशीय जीवांचे झाले, पण अनेकपेशीय प्राण्यांचे काय? त्यांच्या भ्रूणविकासात अशी चढउतार दाबून धरणारी व्यवस्था असते, पण ती उसवू शकते. अर्जुन राज आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सी. एलेगन्स या सूत्रकृमीत ते पाहिले. आतड्याच्या घडणीतील एका जनुकात बिघाड असलेले, जनुकीयदृष्ट्या एकसारखे भ्रूण एकाच परिस्थितीत वाढवले, तरी काहींत आतड्याच्या पेशी तयार झाल्या, काहींत झाल्या नाहीत. मधल्या टप्प्यावरच्या एका जनुकाची सक्रियता फार हेलकावे खाऊ लागली होती आणि उंबरठा ओलांडणे नशिबावर आले होते. अशा उत्परिवर्तनाची किंमत एका कृमीकडे पाहून ठरवता येत नाही. शंभरांपैकी किती तरले ते मोजावे लागते, आणि निवडीपुढेही तेवढेच प्रमाण येते.