पिवळी ती मादी? छे!

चतुर, म्हणजे ड्रॅगनफ्लाय हे कीटक, बघायला लागलो तेव्हा माझा हिशेब सोपा होता. लाल दिसला की नर, पिवळट दिसली की मादी. क्रोकोथेमिस सर्व्हिलिया या लालभडक चतुराच्या नोंदी मी वहीत अशाच धडाधड करत गेलो. मग एक दिवस एक ‘मादी’ दिसली, तिच्या पिवळ्या पोटावर लाली चढत होती. तो कोवळा नर निघाला. नुकता कात टाकून बाहेर पडलेला नरही पिवळाच असतो, लाल व्हायला त्याला काही दिवस लागतात. म्हणजे वहीतल्या किती माद्या खऱ्या, कोण जाणे!

रंगाचा नाद सोडला आणि पोट बघायला लागलो. आपण जिला शेपटी म्हणतो तेच चतुराचं पोट. त्याला दहा खंड. मी मोजायला बसलो की नऊच भरायचे, कारण पहिला खंड अगदी आखूड आणि छातीला चिकटलेला. तो सापडला की पुढचा, दुसरा, महत्त्वाचा. नराच्या या खंडाखाली एक गाठीसारखा उंचवटा असतो. मादीची तीच जागा सपाट. गंमत म्हणजे नराचं वीर्य बाहेर येतं पार मागे, नवव्या खंडातून. ते तो आधी या उंचवट्यात आणून ठेवतो. म्हणून तर जोडी जुळताना नर पोटाच्या टोकाने मादीचं डोकं मागून पकडतो आणि मादी आपलं पोट वळवून त्याच्या दुसऱ्या खंडाला लावते. ती विचित्र चाकासारखी बैठक का, हे मला तेव्हा कुठे उमगलं.

पकडीचा तो चिमटाही बघण्यासारखा: वर दोन आकडे, खाली एक. मादीला नुसती दोन बारीक टोकं, एकमेकांपासून सुटी.

अडचण एकच झाली. माझे जुने फोटो जवळजवळ सगळे वरून काढलेले, पंख छान दिसावेत म्हणून. उंचवटा दिसतो बाजूने. आता मी पंखांचा मोह सोडून आधी जमिनीवर कोपरं टेकतो. पाण्याला पोटाचं टोक टेकवत अंडी घालणारी असेल तर प्रश्नच नाही, ती मादी. पण ऑर्थेट्रम सबिना या दुसऱ्या चतुराचे नर-मादी दोघेही हिरवे-काळे, रंगाने सारखेच. त्यांच्या जुन्या नोंदींपुढे मी सरळ प्रश्नचिन्हं टाकली आहेत.