सायलेन्सर चढवतानाच उतरवायचा विचार

मोटरसायकलवर सगळ्यात जास्त छळ कोणाचा होतो असं विचारलंत, तर मी डोळे झाकून बेंडपाइपच्या फ्लँजचे, म्हणजे सायलेन्सरचा पाइप इंजिनला जिथे जोडतात त्या पट्टीचे, नट दाखवीन. गाडी चालली की तापायचं, थांबली की गार व्हायचं आणि पुढच्या चाकाने उडवलेला चिखल अंगावर घ्यायचा. त्यातून स्टड (नट ज्यावर बसतो ती आट्यांची दांडी) स्टीलचा, हेड (इंजिनचा वरचा भाग) ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओलावा, म्हणजे ॲल्युमिनियम खाल्लं जाणारच. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि आट्यांत ठासून बसते. म्हणून तिथला स्टड नुसता गंजत नाही, चांगला आवळला जातो.

यावर उपाय म्हणून बोटभर ग्रीस फासणारे बघितले की मला राहवत नाही. साधं लिथियम ग्रीस २०० अंशांच्या आसपास पातळ होऊन ओघळतं आणि मागे उरलेलं जळून काळा थर धरतं. तिथे अँटी-सीझ पेस्टच हवी, म्हणजे आटे जाम होऊ न देणारी. तांब्याची पेस्ट साधारण हजार अंशांपर्यंत टिकते, नटाला ती पुरते. स्टडचं जे टोक हेडमध्ये जातं, त्याला मात्र मी निकेलची किंवा सिरॅमिकची लावतो, कारण ओल लागली की तांबं आणि ॲल्युमिनियम यांचं पटत नाही.

आधी आटे तारेच्या ब्रशने घासून कोरडे करायचे. जुन्या घाणीवर पेस्ट लावणं म्हणजे न पुसलेल्या फरशीवर रांगोळी. मग छोट्या ब्रशने पातळ थर, आट्यांच्या खाचा भरतील इतकाच. बाहेर आलेली पुसून टाका, ती धूळ धरते.

आता टॉर्क, म्हणजे नट किती जोराने आवळायचा ते. मॅन्युअलमधला आकडा वेगळं काही लिहिलेलं नसेल तर कोरड्या आट्यांचा असतो. पेस्टमुळे घर्षण कमी होतं, म्हणजे तोच आकडा लावला तर स्टडवर ताण जास्त येतो. पेस्टच्या डब्यावर काही सांगितलं नसेल, तर मी पाव हिस्सा कमी धरतो. ६ एमएमच्या स्टडला हे फार जपावं लागतं, तो सहज ताणला जातो.

स्टेनलेसच्या स्टडवर स्टेनलेसचा नट दिसायला झकास, पण कोरडा आवळला तर आटे एकमेकांना चिकटून वाटेतच अडकतो, गंज लागायचीही वाट बघत नाही. मला पितळी नट आवडतात. ते गंजून धरत नाहीत, आणि काही बिघडलंच तर नटाचे आटे जातात, स्टड वाचतो.

जुना नट काढायचा असेल तर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल (फटीत झिरपणारं पातळ तेल) मारून ठेवा. सकाळी सहाकोनी सॉकेट, बाराकोनी नको, त्याने कडा गोल होतात. आधी किंचित आवळायच्या दिशेने दाब, मग उलटं. नट सुटताना ‘कट्’ असा बारीक आवाज येतो आणि पान्हा मोकळा होतो. पण पान्हा फिरतोय, आवाज नाही, हाताला रबरासारखं मऊ लागतंय, तर नट सुटत नाहीये, स्टड पिळतोय. तिथेच थांबा. परत जागेवर आणा, पुन्हा तेल द्या, किंवा ते तेल पूर्ण पुसून हीट गनने नट तापवा. तेल ओलं असताना ज्योत जवळ नेऊ नका, भडका उडेल. अख्खा स्टडच हेडमधून काढायचा असेल तर तापवायचं हेड. तेवढ्याच उष्णतेत ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे भोकाची पकड ढिली पडते.

ऑक्सिजन सेन्सरला (पाइपमध्ये बसतो, धुरातला ऑक्सिजन मोजतो) सेन्सरसाठीचीच पेस्ट, तीही आट्यांपुरती. टोकाला लागली तर सेन्सर वाया. नव्या सेन्सरला बहुतेक वेळा ती लावलेलीच येते.

जोडताना नवीन पॅकिंग घाला, सगळे नट-बोल्ट हाताने सैल बसवा. मग हेडकडचे आलटून पालटून थोडे थोडे आवळा, मागचा ब्रॅकेट शेवटी. उलट केलंत तर पाइपचा ताण कायमचा स्टडवर राहतो. गाडी एकदा चांगली तापवा, पूर्ण गार होऊ द्या आणि टॉर्क पुन्हा तपासा. पॅकिंग दबल्यामुळे नट थोडे सैल झालेले सापडतात. पहिल्या फेरीत धुराचा वास आला तर दचकू नका, सांडलेली पेस्ट जळत असते.